तात्यांचं जमवणं

पत्रिका जुळवणारे तात्या गावोगाव असतात. आमचे तात्या रेकॉर्ड प्लेअरचा टोनआर्म आणि सुईचं कार्ट्रिज जुळवतात. राहतात साताऱ्यात, जीव सांगलीत. लेक तिथे दिली आहे. स्थळ बघताना पत्रिका मागितलीच नाही. मुलाच्या घरी आजोबांचा गॅरार्ड रेकॉर्ड प्लेअर आहे हे कळलं आणि तात्या म्हणाले, “जमलं.”

आपण चहाला गेलेलो असतो. “हे बघा ना राव,” म्हणत तात्या कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे गणित मांडतात. सुईच्या टोकाशी जाणवणारं आर्मचं वजन 12 ग्रॅम, कार्ट्रिज 7, स्क्रू 1. झाले 20. सुईचा लवचिकपणा 20. गुणाकार 400, वर्गमूळ 20, त्याने 159ला भागा. “आठ हर्ट्झ! काठावर पास.” आर्म आणि सुईच्या जोडीचं स्वतःचं कंपन आठ ते बाराच्या मध्ये बसलं पाहिजे. खाली घसरलं तर तबकडी जरा वाकडी असली की आर्म डुलतो, कुणी शेजारून चाललं तरी सुई थरथरते. फार वर गेलं तर गाण्यातच लुडबुड. म्हणून लवचिक सुईला हलका आर्म, ताठ सुईला जड. तोवर चहा गार. काकू दुसरा आणत नाहीत, कारण तबकडी चालू असताना माजघर ओलांडायला त्यांना बंदी आहे.

ताठ सुई आली की तात्या आर्मच्या टोकावर चार आण्याचं स्टीलचं नाणं चिकटवतात. सरकारने 2011 साली चार आणे बंद केले. तात्यांकडे चालू आहेत.

कोयना एक्स्प्रेसने सांगलीला निघाले की पिशवीत नातवाला कंदी पेढे आणि जावयाला सुईचा दाब मोजायचा काटा. येताना भडंग. एकदा जावयाने अब्दुल करीम खाँसाहेबांची 78 आरपीएमची तबकडी एलपीच्या सुईखाली लावली. तात्या ताडकन उठले. 78ची खाच रुंद, तिला जवळजवळ तिप्पट जाड सुई लागते. बारीक सुई तळातली धूळ खरवडत बसते. सासऱ्याने जावयावर आवाज चढवला तो तेवढाच. पुढच्या खेपेला जाड सुई स्वतःच घेऊन गेले, पैसे घेतले नाहीत.

असे कुणी तात्या तुमच्या ओळखीत असतील तर त्यांच्याकडे टाचा न आपटता चाला. आणि “आवाज छान आहे” म्हणून सुटू बघू नका. “खालचा की वरचा?” असं विचारतात, आणि कालनिर्णयाची अजून अकरा पानं शिल्लक असतात.