नारायण बेटावर एक दिवस : नवख्या जोडप्यांसाठी मार्गदर्शिका

उष्ण कटिबंधातल्या बेटावर जोडीनं एक दिवस काढायचा तर अंदमानचं तिकीट काढावं लागतं, ही समजूत प्रवासी कंपन्यांनी पसरवलेली आहे. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि कर्कवृत्त त्याच्या पाच अंश वर राहतं. म्हणजे कटिबंधाचा प्रश्न मिटला. राहता राहिलं बेट. ते वर्षातून एकदा, अनंत चतुर्दशीला, आपोआप तयार होतं. दक्षिणेला लक्ष्मी रस्ता, वायव्येला मुठा, नैर्ऋत्येच्या टोकाला अलका टॉकीजचा चौक आणि पोटातून केळकर रस्ता. सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून मिरवणूक निघाली की लक्ष्मी रस्ता भरू लागतो, मग केळकर रस्ता, आणि दुपारपर्यंत नारायण पेठेचा मुख्य भूमीशी असलेला संबंध तुटतो. अलीकडे ही भरती 30 तासांच्या आसपास टिकते. एवढ्या वेळात माणसं अंदमानला जाऊन परत येतात, हे खरं. पण तिथे वाटली डाळ मिळत नाही.

बेटावर उतरणे

सकाळी आठच्या आत या. गाडी आणू नका. आणलीत आणि एखाद्या बोळात लावलीत तर गाडी बेटाची रहिवासी होते, आणि दुसऱ्या दिवशी दोऱ्या सुटल्याशिवाय ती मुख्य भूमीवर परतत नाही. मेट्रोनं डेक्कनला उतरावं (हे स्थानक 1 ऑगस्ट 2023 ला सुरू झालं, त्याआधीचे प्रवासी लकडी पुलावरून ढकलत यायचे) आणि झेड ब्रिजवरून चालत यावं.

पायात बूट हवेत. चप्पल एकदा निसटली की ती मिरवणुकीबरोबर अलका चौकाकडे जाते आणि आपण जात नाही. जो सदरा नंतर पोछा करायला हरकत नाही तोच घालावा, कारण गुलाल धुऊन जात नाही, तो फक्त फिकट होतो. कानांत घालायला कापूस घ्यावा, दोघांसाठी वेगवेगळा.

फोन लागणार नाही असं धरूनच चाला. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा आणि नेमकं ठरवा. ‘पत्र्या मारुतीच्या पायरीपाशी’ हे ठिकाण झालं. ‘केळकर रस्त्यावर भेटू’ म्हणजे ‘समुद्रात भेटू’.

ओळखीचं घर

हे प्रकरण नीट वाचा, बाकीचं चाळलंत तरी चालेल. नारायण पेठेत ओळखीचं घर नसेल तर तुम्ही बेटावर पर्यटक नसून निर्वासित आहात. महापालिका फिरती स्वच्छतागृहं ठेवते, पण ती मिरवणुकीच्या पलीकडच्या काठाला असतात, तुम्ही कुठल्याही काठाला उभे असा. म्हणून ओळखीचं घर.

ते नसेल तर शोधावं लागतं. बायकोच्या मावसबहिणीची नणंद, ऑफिसातल्या कुलकर्ण्यांचे जुने शेजारी, आपल्या वर्गात होता पण आपल्याशी कधी बोलला नाही असा कोणी. या दिवशी पेठेतल्या प्रत्येक घराला नाती फुटतात आणि घरच्यांना त्याचं नवल वाटत नाही. दारात चपलांचा ढीग असतो, त्यात आपली भर घालावी. काकू दार उघडतील आणि तुम्ही कोण हे विचारणार नाहीत. त्या म्हणतील, “गुलाल जिन्यातच झटकून या. डावीकडे न्हाणीघर आहे. कडी नीट लागत नाही, गुणगुणत राहा.”

रस्त्याच्या बाजूची गॅलरी असेल तर तिथे रांग असते. पुढची ओळ लहान मुलांची, दुसरी म्हाताऱ्यांची, तिसरी आदल्या रात्रीच मुक्कामाला आलेल्या हुशार पाहुण्यांची. नवख्या जोडप्याला पंख्याखालची जागा मिळते आणि तिथून मिरवणूक फक्त ऐकू येते. ती ऐकण्यासारखीही असते. मोठं पथक खालून जाताना फडताळातली फुलपात्रं एकमेकांवर वाजायला लागतात आणि काकू न बघता सांगतात, “साठ ढोल असतील.” रिकाम्या हातानं जाऊ नये. पेढे नेऊ नयेत, ते त्या घरात दहा दिवस येतच आहेत. लिंबं न्यावीत.

न्याहारी

बेटावरचं पहिलं खाणं मुंजाबाच्या बोळातल्या बेडेकरांकडची मिसळ. बाहेरगावच्या माणसाला इथे दोन धक्के बसतात. एक म्हणजे रस्सा गोडसर असतो, आणि दुसरा म्हणजे सोबत पाव न येता स्लाइस ब्रेड येतो. कोल्हापूरच्या जोडीदाराला हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर दिवसाचा पहिला वाद इथेच होतो. माझ्या मते ही मिसळ तिखटाच्या स्पर्धेत उतरलेलीच नाही, तिला त्या मापानं मोजू नये. केसरीवाड्याजवळ प्रभा विश्रांतिगृहाचा बटाटेवडा आहे. तो पावाशिवाय खावा. या दिवशी कोण उघडं आणि किती वाजेपर्यंत, ते आदल्या दिवशी जाऊन दारावर वाचून यावं. पुणेरी पाट्यांवर एवढे विनोद झालेत की आता त्या निव्वळ माहितीसाठी वाचणं हाच मोठा विनोद आहे.

प्रेक्षणीय स्थळं

बेटाला नाव नारायणराव पेशव्यांचं आहे. 30 ऑगस्ट 1773 ला, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला. ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी ऐकू येते म्हणून लोक रात्री तिकडे जातात. आज जाऊ नका, काहीही ऐकू येणार नाही.

मुख्य स्थळ केसरीवाडा. मूळचा हा बडोद्याच्या गायकवाडांचा वाडा, 1905 साली लोकमान्य टिळकांनी तो सयाजीरावांकडून विकत घेतला. गणपती घराबाहेर आणून रस्त्यावर नेण्याच्या प्रथेला ज्यांनी सर्वांत जास्त बळ दिलं त्यांचंच हे घर, तेव्हा तुम्ही आज ज्या गर्दीत अडकला आहात तिची तक्रार नोंदवायची तर पत्ता हाच. इथला गणपती मानाचा पाचवा. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम आणि तुळशीबाग यांच्यामागून तो पालखीतून निघतो. मॅडम कामांनी 22 ऑगस्ट 1907 ला जर्मनीत श्टुटगार्टच्या परिषदेत फडकवलेला झेंडाही केसरीच्याच संग्रहात आहे. या दिवशी संग्रहालय बघायला मिळेल असं धरून चालू नका. पालखी निघताना बघा आणि झेंड्यासाठी एखाद्या साध्या मंगळवारी पुन्हा या.

दुसरं स्थळ मोदी गणपती. खुश्रुशेठ मोदी या पारशी गृहस्थांच्या बागेच्या जागी असलेला हा गणपती, म्हणून हे नाव. त्याचं दुसरं नाव बोंबल्या गणपती, कारण जवळच सुक्या मासळीचा बाजार भरत असे. बेटावर मासळीचा उरलेला एवढाच पुरावा.

भांडण

भांडण साधारण दुपारी दोनला होतं. त्याला अलका चौकात जायचं असतं, कारण लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक अशा चारही रस्त्यांच्या मिरवणुका तिथे एकत्र येतात आणि ते दृश्य एकदा तरी जवळून बघावं असं त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. तिला बसायचं असतं. मुख्य भूमीवर अशा वेळी एक जण पाय आपटत निघून जातो. बेटावर ती सोय नाही. पाच पावलांवर दोरी असते, दोरीपाशी हवालदार असतो.

“पलीकडे जायचंय.”

“इकडून नाही, मॅडम.”

“मग कुठून?”

“उद्या.”

मग परत यावं लागतं आणि नवरा तिथेच उभा असतो, कारण त्यालाही तेच उत्तर मिळालेलं असतं. मालदीवला लाखभर रुपये मोजूनही ही शिस्त मिळत नाही.

जेवण

पाय वळतील तिकडे, म्हणजे ओळखीच्या घरी. घरचा गणपती त्या दिवशी उठतो आणि प्रसाद असतो वाटल्या डाळीचा. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, मोहरी, हिंग आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीवर टाकायची आणि परतत राहायचं, हात दुखेपर्यंत. आधी ती लगदा असते, कढईला धरते, मग हळूहळू सुटी होते. वर ओलं खोबरं, कोथिंबीर. तेलात काटकसर केली तर ती घशात अडकते आणि बोलता येत नाही. तुम्ही नेलेली लिंबं इथे उपयोगी पडतात. गणपतीबरोबर दहीपोह्यांची शिदोरी जाते. तिच्याकडे बघत बसू नये.

समुद्रकिनारा

संध्याकाळी नदीपात्र. ऑगस्टभर इथे ढोलपथकांचा सराव चालतो, तो आज संपलेला असतो. घाटावर हौदापाशी घरगुती गणपतींची रांग, आरत्या एकमेकींत मिसळलेल्या. खडकवासल्यातून विसर्ग वाढवलेला असेल तर भिडे पूल पाण्याखाली जातो आणि बेटाचा उत्तर किनाराही खरा होतो. पाण्याच्या जवळ जाऊ नका. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा हेच पाणी पेठेतल्या वाड्यांत शिरलं आणि मातीच्या भिंती बसल्या. काकूंच्या घरी म्हातारं माणूस असेल तर पाणी कुठवर आलं होतं ते हातानं भिंतीवर दाखवेल.

सूर्यास्त झेड ब्रिजवरून बघावा. हा पूल दुचाकींसाठी बांधला, पण पुण्यातल्या कित्येक लग्नांची बोलणी घरच्यांच्या आधी इथल्या कठड्यावर उरकलेली आहेत. लग्नाला दहा वर्षं झालेल्या जोडप्यानं तिथे उभं राहायला लाजू नये, पण शेजारच्यांना सल्ला देऊ नये.

रात्र

रात्री बाराला स्पीकर बंद करावे लागतात ते सकाळी सहापर्यंत. त्या सहा तासांत लक्ष्मी रस्त्यावर एक चक्कर माराच. दिव्यांचे रथ जागच्या जागी उभे, ट्रॅक्टरवर मान टाकून झोपलेला ड्रायव्हर, फुटपाथवर ढोलाला टेकून वडापाव खाणारी पथकातली मुलं, पट्ट्या बांधलेल्या बोटांची. दिवसभर जी मूर्ती गर्दीच्या डोक्यांवरून जेमतेम दिसली तिच्यासमोर आता तुम्ही दोघंच असता.

पुढची अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबर 2026 ला, शुक्रवारी आहे. ओळखीच्या घरी फोन आत्ताच करून ठेवा. सप्टेंबरात केलात तर “अहो, आमच्याकडे यंदा नागपूरची मंडळी आहेत” असं ऐकावं लागेल.