कॅमेरा खारला, बातमी वऱ्हाडात

23 एप्रिल 2022 रोजी अमरावती टीव्हीवर गाजली; कॅमेरे मात्र मुंबईत, खारला होते. ‘मातोश्री’समोर हनुमान चालिसा म्हणणार असं जाहीर केलेल्या अमरावतीच्या तत्कालीन खासदार नवनीत राणा आणि बडनेऱ्याचे आमदार रवी राणा यांना त्या दिवशी अटक झाली. बातमी होती, नाही कोण म्हणतं? पण राणांच्या खारच्या घराचं दार, दारापुढची गर्दी, पुन्हा दार, यात निवेदकाने सांगण्यासारखं किती उरतं? योगायोग असा की सनसनाटी मथळे आणि भडक चर्चा आवरा, 1995च्या केबल कायद्यातली कार्यक्रम संहिता पाळा, ही माहिती व प्रसारण मंत्रालयाची वाहिन्यांना तंबीही त्याच तारखेची. (निमित्त दिल्लीतल्या दंगलीचं आणि युक्रेन युद्धाचं, आपण त्यातून सुटलो.)

यावर ठरलेलं उत्तर : लोकांना हेच बघायचं असतं. असेलही. पण पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी ना पिकाला मानवत, ना पोटाला. हे प्राइम टाइमला दाखवून कधी पाहिलंय, की लोकांनी नाकारलं म्हणायचं? राहिला रेडिओ. अकोल्याची आकाशवाणी हवामान निमूट सांगते, तर म्हणे ती सरकारी, बोचरं विचारत नाही. खरंय. आणि खासगी एफएमला स्वतःची बातमी द्यायची परवानगीच नाही. आकाशवाणीचीच जशीच्या तशी लावायची. म्हणजे प्रश्न विचारायची मोकळीक उरली टीव्हीवाल्यांकडेच. त्यांनी एकदा ओबी व्हॅन घेऊन याच खारपाणपट्ट्यातल्या दर्यापूर तालुक्यात यावं. प्यायचं पाणी तेवढं सोबत आणावं.