नवरदेवाची दुसरी स्पेस

आमच्या उलव्यात विमानतळ करायचं ठरलं तेव्हा नव्वदएक मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीला तिची वाट सोडायला लावून दुसरीकडून नेलं, आणि २५ डिसेंबर २०२५ ला तिथून विमानं उडायलाही लागली. त्याच विमानतळाच्या शेजारच्या एका इमारतीत बसून मी एका फंक्शनच्या नावातली स्पेलिंगची चूक दुरुस्त करू पाहतोय. ते काही जमत नाहीये.

काम सांगायला सोपं आहे. जुन्या मराठी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक लायब्ररी आमची कंपनी विकते. ती पंचविसेक वर्षांपूर्वी ज्यांनी लिहिली ते गृहस्थ निवृत्त होऊन गावी गेले. जाताना त्यांनी कोडमध्ये एक टीप ठेवली, ‘इथे हात लावू नये.’ कारण लिहिलेलं नाही. आमच्या साहेबांनी या लायब्ररीचं आधुनिकीकरण माझ्याकडे सोपवताना एकच अट घातली, “सगळं नवीन करा, पण कुणाचं काही बदलता कामा नये.” मी मान हलवली. पगाराची तारीख जवळ आली होती.

त्या काळी मराठी संगणकावर आणणाऱ्यांची हिंमत मोठी होती. भारतीय मानक ब्युरोनं १९९१ मध्ये ‘इस्की’ नावाचा प्रमाण संकेत जाहीर केला होता, पुण्याचं सी-डॅक त्यावर काम करत होतं. फाँट विकणाऱ्यांना मात्र थांबायला वेळ नव्हता. त्यांनी रोमन अक्षरांच्या जागेवर थेट मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. जागा होत्या सगळ्या मिळून २५६. तेवढ्यात काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, रफार अशी सगळी वऱ्हाडी मंडळी दाटीवाटीनं बसवली, आणि प्रत्येक फाँटवाल्यानं आपापल्या मर्जीनं बसवली. एका फाँटमध्ये जिथे ‘क’ बसला, तिथे दुसऱ्यात ‘ढ’.

शिवाय क्रमाचा घोळ. ‘कि’ लिहिताना डोळ्यांना वेलांटी आधी दिसते म्हणून जुने फाँट ती आधी साठवत. युनिकोड उच्चाराप्रमाणे चालतं, म्हणजे आधी ‘क’, मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलटं. ‘मूर्ती’मधला रफार जुन्या फाइलमध्ये सगळ्यांच्या शेवटी येतो आणि युनिकोडमध्ये त्याला ‘ती’च्या आधी नेऊन बसवावं लागतं. हे सगळं त्या निवृत्त गृहस्थांनी चोख केलं होतं. फक्त मुख्य फंक्शनच्या नावात एक अक्षर गाळलं होतं, आणि पूर्णविरामानंतर एक स्पेस असली तरी ते आपल्या पदरची आणखी एक देत. उदार माणूस.

आमच्याकडे नव्यानं भरती झालेल्या मुलाला ती दुसरी स्पेस दिसली. त्यानं ती काढली. सगळ्या टेस्ट हिरव्या आल्या. त्यानं स्टेटसला स्वच्छता मोहिमेचा झाडू टाकला.

आठवडाभरात एका तालुक्याच्या गावाहून फोन आला. लग्नपत्रिका छापणारे अण्णा आमचे जुने गिऱ्हाईक.

“साहेब, काय केलंत?”

“काही नाही अण्णा, थोडी साफसफाई.”

“तुमच्या साफसफाईत आमचा नवरदेव हरवला की हो!”

प्रकार असा. अण्णांच्या ऑपरेटरनं कधीकाळी एक मॅक्रो लिहून ठेवला होता. ‘चि.’नंतर दोन स्पेस दिसल्या की तो नवरदेव समजायचा आणि नाव मोठ्या टायपात मधोमध घ्यायचं. एकच स्पेस दिसली की ते खालचं बालगोपाळ मंडळ, बारीक टायपात. बालगोपाळांची नावं ऑपरेटर हातानं टाइप करी म्हणून त्यांना एकच स्पेस मिळे. नवरदेव आमच्या लायब्ररीतून येई म्हणून त्याला दोन. आम्ही दुसरी स्पेस काढल्यावर मॅक्रोनं नियमाप्रमाणे काम केलं. पत्रिकेत मधोमध नुसती नवरी राहिली, आणि एमबीए झालेला नवरदेव ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’च्या खाली, चि. पिंट्या आणि चि. बबडी यांच्यामध्ये जाऊन बसला. स्वतःच्याच लग्नाला काका म्हणून बोलावणं करणारा तो पहिलाच नवरदेव असावा.

“पण अण्णा, ती स्पेस म्हणजे चूक होती.”

“असेल. पण पंचवीस वर्षं आमची लग्नं त्या चुकीवर लागली.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट या अभियंत्याच्या नावानं एक नियम सांगितला जातो. वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही कागदावर काय वचन दिलंय याला महत्त्व उरत नाही, तुमची लायब्ररी जे जे वागते त्या प्रत्येक वागण्यावर कुणी ना कुणी टेकून बसलेलं असतं. अण्णांनी हा नियम वाचलेला नव्हता. ते तो जगत होते.

मुलगा हिरमुसला. त्याची समजूत काढायला मी त्याला थोरामोठ्यांच्या घरातल्या गोष्टी सांगितल्या. लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रामानं १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, जे ते नव्हतं. मायक्रोसॉफ्टनं एक्सेल काढलं तेव्हा लोटसच्या फाइली बिनबोभाट उघडाव्यात म्हणून ती चूक जाणूनबुजून तशीच घेतली. त्यामुळे कधी उगवलाच नाही तो २९ फेब्रुवारी १९०० एक्सेलमध्ये आजही सुखानं नांदतोय. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ लिहिलं, त्यात आज्ञेच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा, स्पेस चालत नाही. हा नियम गैरसोयीचा आहे हे त्यांना लवकरच कळलं. पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांना कशाला त्रास द्यायचा म्हणून टॅब राहिला. त्या डझनभरांच्या भिडेपोटी पुढे लाखो लोकांनी टॅब दाबला.

आणि सगळ्यांवर कडी युनिकोडची. एकदा दिलेलं चिन्हाचं नाव कधीही बदलायचं नाही, हा तिथला दंडक. एका उभ्या कंसाच्या इंग्रजी नावात ‘ब्रॅकेट’मधल्या सी आणि के या अक्षरांनी आपापसांत जागा बदलल्या. चूक सगळ्यांना मान्य आहे. बरोबर नाव टोपणनाव म्हणून शेजारी लावलंय. अधिकृत नाव मात्र चुकलेलंच राहणार, प्रलयापर्यंत.

“सर, मग आपल्या मराठीत तरी सगळं नीट असेल?” मुलानं विचारलं. पोरगं भाबडं आहे.

मी त्याला ‘नवऱ्या’ लिहून दाखवलं. यातला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत इस्कीकडून आलेली, नुक्त्याच्या ऱ पासून. दुसरी युनिकोडच्या २.० या आवृत्तीतली, साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह लावून. पुढच्या आवृत्त्यांनी पहिली रीत पाळली, आणि दुसरी मोडली तर जुन्या फाइलींचं काय होणार म्हणून तीही पाळली. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. शोधायला गेलात तर एका रीतीच्या माणसाला दुसऱ्या रीतीचा ‘नवऱ्या’ सापडत नाही. ‘ॲ’ची कथा तीच. त्याला स्वतःचं घर २००८ मध्ये मिळालं, तोवर लोक अ वर चंद्र ठेवून भागवत होते, आणि अनेक जण अजून भागवतात. लायब्ररीनं दोघांनाही ओळख द्यायची.

मुलगा म्हणाला, “सर, सगळं एकदाच मोडून नवं का करत नाही?” तेही लोकांनी करून पाहिलंय. पायथन भाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, जुन्याशी न जुळणारी. जगाला सरकायला इतका वेळ लागला की दुसऱ्या आवृत्तीचा निरोपसमारंभ २०१५ वरून २०२० वर ढकलावा लागला. मराठी माणसाला निरोप घेताना दारात उभं राहून बोलायची सवय आहे, पण पाच वर्षं म्हणजे कमालच.

खरं म्हणजे ‘एकदाच मोडून नवं’ हा उपाय ज्या घरात कुणी राहत नाही तिथेच शोभतो. मी उलव्यातल्या एका सेक्टरमध्ये राहतो. तो कागदावर आखला तेव्हा तिथे लोकांची शेती होती, गावं होती. इथून जवळच जासईला जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन पेटलं, दि. बा. पाटील त्याचे नेते होते. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर कुठे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा भूमिपुत्रांना द्यायची योजना आली. नकाशा नवा करणाऱ्याला जुनी वस्ती दिसायला एवढी किंमत मोजावी लागली. आमच्या धंद्यात ती फोनवरच्या शिव्यांवर भागते, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

तर आम्ही काम असं केलं. आधी जुन्या लायब्ररीतून पत्रिका, जाहिराती, दिवाळी अंक अशा ढीगभर फाइली काढल्या आणि येईल ते उत्तर, चुकीसकट, प्रमाण म्हणून नोंदवलं. मग आतलं सगळं पाडून नव्यानं लिहिलं, प्रत्येक टप्प्यावर जुन्या चुका तशाच येताहेत ना हे तपासत. बरोबर स्पेलिंगचं नवं फंक्शन आलं. चुकीच्या स्पेलिंगचं तिथेच राहिलं, ते आतून मुकाट्यानं नव्याला हाक मारतं. ‘हे नाव लवकरच बंद होईल’ अशी सूचनाही लावली. अशा सूचना दीर्घायुषी असतात. दुसऱ्या स्पेससाठी एक पर्याय ठेवला, मुळात चालू. शहाण्यांनी बंद करावा.

नवी आवृत्ती बसवल्यावर अण्णांचा फोन आला नाही. आमच्या धंद्यात यालाच टाळ्या म्हणतात. साहेबांनी बिलासाठी ‘गिऱ्हाइकाला काय बदल दिसेल?’ असं विचारलं. मी ‘काहीही नाही’ लिहिलं, आणि रक्कम पाहून ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

मग एकदा दुपारी हलक्या आवाजात फोन आला. अण्णांचा ऑपरेटर.

“दादा, नवीन लय फास्ट चालतंय.”

“चांगलंय की!”

“कसलं चांगलं? आधी फाईल लावली की चहा मारून यायचो. अण्णा विचारायचे तर सांगायचो, कन्व्हर्ट होतंय. आता बटण दाबायच्या आत होतंय. काय करता येईल का?”

मुलानं ‘पूर्वीचा वेग’ असा एक पर्याय लिहून दिलाय. तो मुळात चालू ठेवायचा की बंद, यावर आमच्या बैठका चालू आहेत.