बलूनवाले अण्णा

मंद्रूपच्या हॉटेलात विजापूर रोडकडं तोंड करून बसलेल्या अण्णांना ज्वारीचा भाव विचारू नये. ते आधी आभाळ बघतात. "हैदराबादचं बलून सुटायलंय की ओ! पेपरात आलंय."

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे फुगे हैदराबादहून सुटतात, तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात आणि त्यांची यंत्रं पॅराशूटनं कधी सोलापूर जिल्ह्यातही उतरतात. 'हात लावू नका, पोलिसांना कळवा, बक्षीस मिळेल' हे कात्रण अण्णांच्या खिशात कायम. एकदा बाभळीला काहीतरी पांढरं अडकलं, तर अण्णांनी काठी घेऊन दुपारभर राखण केली. "लांब व्हा बे, हाय व्होल्टेज असतंय!" संध्याकाळी वाऱ्यानं युरियाचं पोतं खाली पडलं. "बरोबर तसंच दिसतंय ते," अण्णा म्हणाले आणि चहा सांगितला.

चहासोबत व्याख्यान फुकट. "सूर्य बुडला की गॅस थंड होतंय, आकसतंय. बलून खाली. मग वजन टाकायचं. वाळू, लोखंडाचे छर्रे. दिवसा ऊन लागलं की गॅस फुगतंय, जास्तीचं बाहेर जातंय. म्हणून रात्री परत वजन टाका! वजन संपलं की प्रवास संपला." हैदराबादच्या फुग्यात हायड्रोजन, माणसं न्यायची तर हीलियम, कारण ते पेटत नाही, हेही ते बजावतात. मग 1978 चे तीन अमेरिकन येतातच. 'डबल ईगल टू' नावाच्या हीलियमच्या फुग्यातून 137 तासांत अटलांटिक ओलांडून ते फ्रान्सला उतरले. "त्यातल्या एकानं शेवटी उडत उतरायला हँग ग्लायडर आणलेलं. वजन झालं, तेबी समुद्रात टाकलं! टाकायला काळीज लागतंय."

हे काळीज अण्णा घरी नेत नाहीत. माळ्यावर जळालेली मोटर, फाटक्या चादरी, सायकलचे टायर, मुका रेडिओ. काहीही उचललं की आतून आवाज येतो, "असू दे, लागतंय कधीतरी." गेल्या दिवाळीत घरातल्या अक्कांनी मोटर भंगारवाल्याला विकली. अण्णांनी टेम्पो गाठून, वर पन्नास रुपये देऊन ती परत आणली.

"गावाला सांगतात वजन टाका," अक्का कडाडल्या, "आणि आपलं काय?"

मोटर पुन्हा माळ्यावर चढवत अण्णा शांतपणे म्हणाले, "आपल्याला कुठं अटलांटिक ओलांडायचंय?"