आधी गाल पुढे कर

१७ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडच्या वेशीवरच्या मुल्लांपूरला सांगलीच्या स्मृती मानधनानं ७७ चेंडूंत शतक ठोकलं आणि भारतानं ऑस्ट्रेलियाला १०२ धावांनी लोळवलं. दुसऱ्याच दिवशी टोकियोत जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत भालाफेकीची अंतिम फेरी झाली. चंडीगडच्या डीएव्ही कॉलेजचा माजी विद्यार्थी नीरज चोप्रा आठवा आला. शहर एका डोळ्यानं हसलं, दुसऱ्यानं रडलं आणि कामाला लागलं.

या गडबडीत एक बारीक गोष्ट निसटली. नीरजला टोकियोत कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तू पुरुष आहेस हे कशावरून? त्याच भारतीय चमूतून भालाच फेकायला गेलेल्या अन्नू राणीसाठी मात्र १ सप्टेंबरपासून नवा नियम होता. महिला गटात उतरायचं तर आधी गाल पुढे करायचा, आतून कापसाचा बोळा फिरवून घ्यायचा (किंवा रक्त द्यायचं) आणि आपल्यात ‘एसआरवाय’ नावाचं, पुरुषपणाची खूण मानलेलं जनुक नाही, असा दाखला मिळवायचा. आयुष्यात एकदाच, असा दिलासाही सोबत दिलेला आहे. देवीची लस एकदाच टोचायचे, तसं. बाईपणाची लागण झाली आहे, याची खात्री एकदा पटली की पुढे त्रास नाही.

आता मंडळी म्हणतील, न्यायासाठी एवढं करायला काय हरकत आहे? काहीच नाही. फक्त हा न्याय नेमका कुणाच्या दारात उभा राहतो आणि कुणाचं दार टाळून पुढे जातो, ते एकदा चंडीगडातून बघू. पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी इथेच आहे, आणि महिला क्रीडेतली कितीतरी पदकं या दोन राज्यांतूनच येतात.

रोहतकच्या शफाली वर्माची गोष्ट आता शाळेतल्या पोरींनाही पाठ आहे. गावातल्या क्रिकेट अकादम्या मुलींना घेईनात, तेव्हा बापानं तिचे केस कापले आणि पोरगी पोरगा म्हणून खेळू लागली. एकदा भाऊ आजारी पडला, तर त्याच्या जागी पानिपतला जाऊन खेळली आणि तिथे मालिकेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. पानिपत आणि भाऊचा तोतया हे समीकरण मराठी माणसाला जुनंच आहे, पण हा तोतया चांगला निघाला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिनं ८७ धावा काढल्या, दोन बळी घेतले आणि सामनावीर ठरली.

त्या पानिपतच्या स्पर्धेत नियमाच्या दृष्टीनं सरळसरळ फसवणूक झाली होती. दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्या गटात, खोटी ओळख सांगून. कुणी ‘मुलांच्या खेळावर अन्याय’ म्हणून मोर्चा काढला का? नाही. आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, अजून वाजवतो. मुलीला खेळायला मिळावं म्हणून मुलगा व्हावं लागतं, यात कुणाला काही खटकलं नाही. खटकायला आपल्याला उलटी वाट लागते.

उलट्या वाटेवर अनया बांगर भेटते. वडील संजय बांगर, जन्म बीडचा. हेडिंग्लेवर २००२ मध्ये सलामीला येऊन त्यांनी काढलेल्या ६८ धावा जुन्या लोकांना आठवतात. २०१४ मध्ये पंजाबच्या आयपीएल संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी तो संघ अंतिम फेरीपर्यंत नेला, तेव्हा त्याचं घरचं मैदान मोहाली, म्हणजे चंडीगडची भिंत ओलांडली की लगेच. त्यांचं लेकरू मुलगा म्हणून क्रिकेट खेळत वाढलं, पुढे हार्मोन उपचार घेऊन अनया झालं, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ही गोष्ट जगाला कळली. पण आयसीसीनं बरोबर एक वर्ष आधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, दार लावून घेतलं होतं. ज्यांच्या शरीरानं पुरुषी पौगंड पाहिलं, त्यांना आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट बंद. उपचार घेतले, शस्त्रक्रिया केली, तरी बंद. देशांतर्गत क्रिकेटचं काय ते त्या त्या मंडळानं बघावं.

अनयानं २०२५ च्या जूनमध्ये मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठातल्या चाचण्यांचा आठ पानी अहवाल पुढे ठेवला. ताकद, दमसास, रक्तातली साखर, प्राणवायू, सगळं बायकांच्या मर्यादेत बसतं, असं तिचं म्हणणं. एका माणसाच्या आठ पानांवरून जगाचा नियम बदलत नाही, हे खरं आहे. पण तिनं मुलाखतीत सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटली. काही क्रिकेटपटूंनी आपले नग्न फोटो तिला पाठवले, असं ती म्हणाली. म्हणजे ती बाई आहे हे या गृहस्थांना कुठलाही बोळा न फिरवता पटलं होतं.

आता पलीकडची बाजू. ती बनावट नाही, आणि तिला ‘मागासलेली’ म्हणून झटकून टाकणारे लोक मला या वादातले सर्वात आळशी वाटतात. उसेन बोल्टचे १०० मीटर ९.५८ सेकंदांत, फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरचे १०.४९. हा फरक सरावाचा नाही, वयात येताना शरीरात जे ओतलं जातं त्याचा आहे. उंची, हाडं, हृदय, फुफ्फुसं. नंतर टेस्टोस्टेरॉन खाली आणलं तरी वाढलेली उंची काही परत जात नाही. नीरजचा भाला ८०० ग्रॅमचा आणि अन्नूचा ६०० ग्रॅमचा असतो, तो कुणाचा अपमान करायला नव्हे. महिला गट हीच मुळात एक राखीव जागा आहे, आणि राखीव जागेला कुंपण लागतंच. पहाटे चारला उठून आठ-दहा वर्षं घाम गाळलेली पोर जेव्हा म्हणते की माझ्या शेजारच्या लेनमध्ये पुरुषी शरीर घेऊन वाढलेली स्पर्धक नको, तेव्हा तिला द्वेष्टी ठरवणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. ऑलिंपिक आणि विश्वचषकाच्या पायरीवर नियम कडक असावेत, असं माझंही मत आहे.

फक्त कुंपण घालणाऱ्यांची नजर पाहा. पुरुषी पौगंडातून गेलेली ट्रान्स महिला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये आली कधी? सप्टेंबर २०२३ मध्ये, कॅनडाकडून, डॅनिएल मॅकगेही. किती जणी? एक. दोन महिन्यांत नियम आला आणि तिची कारकीर्द संपली. एकीसाठी एवढी चपळाई दाखवणारं क्रिकेट बायकांच्या बाकी कुठल्या प्रश्नावर इतक्या वेगानं धावलेलं मला आठवत नाही.

आणि काठी बसते कुणाला? आपल्याकडची यादी बघा. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्य जिंकलेली तामिळनाडूची शांती सौंदराजन. लिंगचाचणी झाली, पदक गेलं, आणि मग तिनं वीटभट्टीवर मजुरी केली. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर घरी बसवलेली ओडिशाची द्युती चंद. वय १८. ती लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत भांडली, जुलै २०१५ मध्ये तिच्या बाजूनं निकाल लागला आणि रिओला १०० मीटर धावली. यांतली एकही ट्रान्स नाही. मुली म्हणून जन्मल्या, मुली म्हणून वाढल्या, गुन्हा एवढाच की शरीर पुस्तकातल्या आकृतीसारखं नव्हतं आणि पाय जोरात पळत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बायकाही यात मागे नाहीत. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये हेप्टॅथलॉनचं कांस्य तेलंगणाच्या नंदिनी अगसारानं ५७१२ गुणांनी जिंकलं. बंगालची स्वप्ना बर्मन ५७०८ वर राहिली. सात प्रकार, दोन दिवस, आणि पदक हुकलं चार गुणांनी. कुणाचाही जीव जळेल. स्वप्नानं समाजमाध्यमावर लिहून टाकलं की आपलं पदक एका ट्रान्सजेंडर बाईनं नेलं. पुढे ते पुसलं, माफीही मागितली. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, तोवर नंदिनीच्या शरीराची चर्चा देशभर झालेली होती. पूर्वी हरलं की पंच विकला गेलेला असायचा. आता समोरची बाईच नसते.

सुखना तलावाच्या बांधावर सकाळी फिरायला जा. बॉयकट केलेली, रुंद खांद्यांची, घामानं निथळलेली एखादी पोरगी धावत जाते. बाकावर ट्रॅकसूट घातलेले, धावण्याशी तेवढाच संबंध असलेले दोन काका बसलेले असतात. ‘ओए, मुंडा है के कुडी?’ मी हे कानांनी ऐकलं आहे. त्या मुलीनंही ऐकलं. कानातली बोंडं काढून, जागच्या जागी पाय हलते ठेवून तिनं विचारलं, ‘अंकलजी, दौड लगानी है?’ काकांनी थर्मासकडे लक्ष वळवलं. टोकियोचा नियम सुखनाच्या बाकावर येतो तो असा. वर जनुकाचा शास्त्रशुद्ध कागद, खाली काकांची नजर, आणि दोन्हींचा नेम एकाच पोरीवर.

त्या शास्त्रशुद्ध कागदाचाही इतिहास आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ बायकांची हीच चाचणी झाली. आठ जणींत हे जनुक सापडलं. आठही जणींना खेळू दिलं गेलं, कारण त्यातल्या सात जणींच्या शरीराला पुरुषी संप्रेरकाचा पूर्ण उपयोगच होत नव्हता. जनुक होतं, त्याचा फायदा नव्हता. १९९९ मध्ये ऑलिंपिकवाल्यांनी ही चाचणी थांबवली. १९९० मध्ये हे जनुक शोधणाऱ्यांपैकी एक, अँड्र्यू सिंक्लेअर, २०२५ मध्ये जाहीरपणे लिहितात की या चाचणीतून जनुक आहे की नाही एवढंच कळतं, शरीरानं त्याचं काय केलं ते नाही. ज्यानं कुलूप बनवलं तोच सांगतोय की या किल्लीनं हे दार उघडत नाही. पण ऐकतो कोण.

आता न्यायाच्या या पहारेकऱ्यांना जरा चंडीगडच्या सेक्टर सातमध्ये घेऊन जाऊ. इथे धावपट्टी आहे, पोरी रोज सराव करतात. याच सेक्टरात हरियाणाच्या तेव्हाच्या क्रीडामंत्र्यांचा सरकारी बंगला होता. अॅथलेटिक्सच्या एका ज्युनियर प्रशिक्षिकेनं तक्रार केली की त्या बंगल्यावर बोलावून आपला विनयभंग झाला. चंडीगड पोलिसांनी ३१ डिसेंबर २०२२ ला गुन्हा नोंदवला. मंत्र्यांनी आरोप फेटाळले, क्रीडाखातं सोडलं, मंत्रिपद मात्र पुढे वर्षभर टिकलं. न्यायालयात आरोपनिश्चिती झाली जुलै २०२४ मध्ये. खरंखोटं न्यायालय ठरवेल. मला दोन तारखांतलं अंतर तेवढं दिसतं. बाई बाई आहे का, हे ठरवायला एक बोळा. बाईवर अन्याय झाला का, याचा खटला नुसता उभा राहायला दीड वर्ष.

पैशांचंही तेच. बीसीसीआयनं ऑक्टोबर २०२२ मध्ये बायकांना पुरुषांइतकंच सामना मानधन जाहीर केलं, छान केलं. पण २०२४-२५ च्या वार्षिक करारात बायकांची सर्वात वरची श्रेणी ५० लाखांची आणि पुरुषांची ७ कोटींची. चौदापट. धावपट्टीवरच्या दहा टक्क्यांच्या फरकासाठी प्रयोगशाळा उभ्या करणाऱ्यांना चौदापटीचा फरक उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. मोहालीच्या अमनजोत कौरची पहिली बॅट तिच्या सुतार बापानं स्वतः रंधा मारून बनवली होती. त्या बॅटीला लागलेल्या लाकडाची चौकशी तेव्हा कुठल्याही न्यायप्रेमी माणसानं केली नाही.

विश्वचषकाच्या गच्चीवर काय करायचं ते करा. प्रश्न तळमजल्याचा आहे. पंजाब विद्यापीठात धनंजय चौहान यांनी २०१६ मध्ये ट्रान्सजेंडर विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला आणि भांडून भांडून स्वच्छतागृहापर्यंत मजल मारली. उद्या तिथल्याच एखाद्या ट्रान्स मुलीला पदक नको, विक्रम नको, संध्याकाळी चार जणींबरोबर बॅडमिंटन खेळायचं असेल, तर कुठल्या कोर्टवर? केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये एका ट्रान्स मुलीला जिल्हा पातळीवरच्या ज्युदो स्पर्धेत मुलींच्या गटात उतरू द्या असं सांगितलं, कारण तिच्यासाठी दुसरा गटच नव्हता. जिल्ह्याची ज्युदो स्पर्धा, ऑलिंपिक नव्हे. तेवढ्यासाठीही उच्च न्यायालयाची पायरी.

वास्तविक २०१९ च्या ट्रान्सजेंडर हक्क कायद्यात हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांना खेळाची संधी भेदभाव न करता, इतरांच्या बरोबरीनं द्यायची. कलम १३. आता १३ हा आकडा चंडीगडला कधी मानवला नाही. कॉर्बुझिएच्या नकाशात सेक्टर १३ नव्हताच. बारा झाला की थेट चौदा. २०२० मध्ये प्रशासनानं मनीमाजऱ्यालाच सेक्टर १३ म्हणून टाकलं. एवढ्या सहज जर सेक्टर १३ सापडतो, तर शहरातल्या प्रत्येक कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या फळ्यावर ते १३ वं कलम चिकटवायला शिपाई, डिंक आणि एक दुपार पुरेल.