भिंतीवरची मरळ

चंद्रपूरच्या माणसाला भिंतीवर काय लावावं हा प्रश्न सहसा पडत नाही. वाघ लावायचा. दवाखान्यात वाघ, हॉटेलात वाघ, पतसंस्थेच्या कॅलेंडरवर वाघ. 2018 साली देशातल्या सुंदर रेल्वे स्थानकांच्या स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर ही स्थानकं पहिली आली, तीही भिंतींवर रंगवलेल्या ताडोबाच्या जोरावर. अशा गावात माझ्या मामेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, बैठकीत मासा लावायचं जाहीर केलं, तेव्हा वहिनींनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मासा म्हणजे मरळ. सिंदेवाहीकडच्या एका मामा तलावात गळाला लागलेली. (मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मामेभावाच्या नात्याशी त्याचा संबंध नाही.) मरळ घरी आली ती स्प्लेंडरच्या हँडलला लटकून. फोटो निघाला, शेजाऱ्यांनी डोळे भरून पाहिली आणि रात्री जेवायच्या वेळेपर्यंत तिचा रस्सा झाला. इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं. पुढे कुणीतरी दादाला मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले आणि त्या रश्शाला नवा अर्थ आला.

तिकडे बास नावाच्या माशाचं मोठं वेड आहे. स्वभावाने आपल्या मरळीच्याच जातकुळीतला: तोंड मोठं, भूक मोठी, आणि पाणवनस्पतींत दबा धरून बसायची सवय. पूर्वी मोठा बास सापडला की त्याची कातडी भरून भिंतीवर लावत. आता पुष्कळ लोक मासा पाण्यात परत सोडतात. सोडण्याआधी फक्त लांबी मोजायची, पोटाचा घेर मोजायचा, एका कुशीचा नीट फोटो घ्यायचा. हे आकडे कारागिराकडे गेले की तो त्या मापाच्या साच्यातून फायबरग्लासचा मासा काढतो, काचेचा डोळा बसवतो आणि फोटो समोर ठेवून एकेक पट्टा फवाऱ्याने रंगवतो. यात फसवणूक वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. माशाचा रंग मेल्यावर उडतो. खरी कातडी भरली तरी तिच्यावरचा रंग शेवटी माणसानेच दिलेला असतो. वर कातडीतलं तेल वर्षानुवर्षं पाझरत राहतं. तेव्हा खोटा मासा हा खऱ्यापेक्षा जास्त टिकतो आणि कमी वास मारतो.

मला यात सर्वांत आवडली ती दराची पद्धत. या प्रतिकृतीचे पैसे तिकडे इंचावर लावतात. जगात मासेमाराच्या जिभेला लगाम घालणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही. आमच्या दादाची मरळ पहिल्या दिवशी चार किलोची होती, पोळ्यापर्यंत सात किलोची झाली होती आणि दिवाळीत बहुधा तलावाबाहेर गेली असती. इंचाचा दर कळला तसा तो म्हणाला, "तशी काही फार मोठी नव्हती जी."

पण नक्की केवढी होती? मोजली कुणीच नव्हती. आपल्याकडे मासा मोजतात तो तराजूत, तेही विकायचा असेल तर. घेर वगैरे पाहायला वेळ कुणाला, तोवर मसाला वाटून झालेला असतो. यात दादा एकटा नाही हे त्याला सांगितलं तेव्हा त्याला बरं वाटलं. बासचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाच्या नावावर आहे. 2 जून 1932 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात त्याने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वरचा बास पकडला. वजन केलं, नोंद केली आणि मासा घरी नेऊन खाल्ला. पुढे 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात त्याच्या तोडीचा दुसरा सापडला, पण पेरीचं नाव अजून पुसलेलं नाही. त्याच्या माशाच्या ज्या प्रतिकृती आज दिसतात त्या सगळ्या आकड्यांवरून केलेल्या. मूळ मासा रीतीप्रमाणे पोटात गेला.

आमच्याकडे आकडेही नव्हते, होता तो फोटो. फोटोत मरळीच्या मागे स्प्लेंडरचं चाक होतं, आणि स्प्लेंडरची रिम 18 इंची. भाच्याने पट्टी लावून हिशेब केला. मरळ दीड रिमेएवढी, म्हणजे 27 इंच. घेर सगळ्यांनी मिळून 13 इंच ठरवला. गळकरी लोकांचा एक जुना हिशेब आहे: घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 800, की पौंडात वजन. उत्तर पावणेसहा पौंडांच्या आत आलं. अडीच किलोंच्या थोडं वर. बैठकीत काही वेळ कुणी बोललं नाही. मग दादा म्हणाला, "हे गणित बासचं आहे. मरळ ठोस असते."

मरळीला सोडून द्यायला हवं होतं, असं मी मनातल्या मनात म्हटलं. ही मासळी पिल्लांची राखण करते. पावसाळ्यात तलावावर लालसर पिल्लांचा पुंजका हलताना दिसला की खाली आईबाप आहेत हे ढीवरांच्या पोरांनाही कळतं. पण रस्सा मीही दोनदा घेतला होता, म्हणून गप्प राहिलो.

कारागीर कुठला शोधायचा? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांची कातडी भरायचं केंद्र आहे, पण ते वन्यप्राण्यांसाठी, आणि आमच्याकडे कातडीही उरली नव्हती. म्हैसूरचं व्हॅन इंगेन हे घराणं राजेरजवाड्यांचे वाघ भरण्यासाठी प्रसिद्ध होतं. गंमत अशी, की त्याच घरातल्या एकाने 1946 साली कबिनी नदीत 120 पौंडांचा महसीर पकडला, आणि गळकऱ्यांच्या जगात त्याचं नाव आहे ते या माशामुळे. पण तो कारखानाही बंद झाला. शेवटी दादा गेला आपल्या ओळखीच्या सुताराकडे. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदीबैल सजवून मिरवतात, त्यामुळे लाकडी प्रतिकृतींचा सराव सुताराला पिढ्यान्‌पिढ्यांचा. सागवान तर घरचंच. अयोध्येच्या मंदिराच्या दारांना बल्लारशाहचं सागवान गेलं ते 2023 साली. सुताराने फोटो पाहिला, लांबी ऐकली, लाकूड वाजवून पाहिलं आणि विचारलं, "चाकं लावू का जी?"

दादा फार दुखावला. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. चाकं नसतील तर मिरवायची कशी?

खरं पाहिलं तर माशाची सर्वांत प्रामाणिक प्रतिकृती शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातच सापडली आहे. सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडकात ज्युरासिक काळातले, म्हणजे 14 कोटी वर्षांहून जुने मासे दगड होऊन बसले आहेत. दख्खनच्या जिवंत माशांचीही नोंद करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी 1851 साली त्यांतला एक जगापुढे ठेवला, आणि त्याला नाव मिळालं लेपिडोटस डेक्कनेन्सिस. या माशाचे खवले कठीण, चकचकीत, एकमेकांना खेटून बसलेले. सात किलोंची बढाई नाही, हात लांब करून काढलेला फोटो नाही. आणि तरी 2023 साली राज्यमासा झाला तो समुद्रातला पापलेट! चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाने याचा राग धरायचा नाही, पण नोंद ठेवायची.

दादाची सागवानी मरळ आता बैठकीत आहे. सुताराने तोंडाचा जबडा छान काढला आहे, शेपटी मात्र बैलाची वाटते. लांबी 32 इंच. पाच इंच लाकडाला फुगारा आला असं दादा सांगतो. तेव्हा तुमच्या गळाला कधी मोठी मरळ लागली, तर कृपा करून मसाला वाटायच्या आधी टेप घ्या. लांबी, घेर, एका कुशीचा फोटो, आणि पावसाळा असेल तर परत पाण्यात. आणि सुताराकडे जाण्याआधी चाकांचं काय ते घरी ठरवून जा.