कामाचे मेसेज

आमच्या गावच्या ग्रुपवर पहाटे पाचपासून फुलं पडायला लागतात. गुलाबावर दव, दवावर सूर्य, सूर्यावर सुविचार. आणि तोही अशा थोर माणसाच्या नावावर, ज्याने तो जन्मात ऐकला नसेल. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, ग्रुप मात्र निम्मा डोंबिवली-विरारला. दुबईच्या भाच्याची 'शुभ सकाळ' येते तेव्हा आमची न्याहारी उरकलेली असते.

अधूनमधून कोणीतरी वैतागून 'फक्त कामाचे मेसेज टाकावेत' अशी तंबी देतो. तिला अंगठे भरपूर मिळतात. दोन दिवस ग्रुप चिडीचूप. तिसऱ्या दिवशी आत्या विचारते, "सगळी बरी आहात ना रे?" सोबत गुलाब असतोच.

माझं मत आत्याच्या बाजूने. निव्वळ कामाचा ग्रुप कोणी उघडून बघत नाही. फुलांच्या निमित्ताने माणसं येऊन-जाऊन असतात, म्हणून रात्री अकराला 'रक्त हवंय' म्हटलं की कोणीतरी जागं सापडतं.

अर्थात याच वाटेने विषही येतं. जुलै 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल, ही मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने भारतात जाहीर केली ती त्याच महिन्यात. आमच्याकडे ते काम निवृत्त गुरुजी करतात. "कोणी पाहिलं? कुठल्या वाडीत?" एवढंच विचारतात. मेसेज पुसला जातो, कारण पाठवणाऱ्याला गणपतीत गुरुजींच्या दारावरूनच जायचं असतं.

ग्रुपची खरी कमाई दिसली 2020 च्या एप्रिलात. टाळेबंदी, वाशीच्या बाजाराचा भरवसा नाही आणि हापूस तर झाडावर थांबायला तयार नाही. चुलतभावाने अढीचा फोटो टाकला: पेंढ्यात ओळीने मांडलेले आंबे आणि कोपऱ्यात त्याच्या पायाचा अंगठा. खाली, 'पाच डझनाची पेटी. कोणाला हवी?' डोंबिवलीच्या वहिनींनी तो सोसायटीच्या ग्रुपवर धाडला, तिथून तो शेजारच्या सोसायटीत गेला, आणि टेम्पो थेट गेटवर उभा राहिला. मध्ये ना अडत्या, ना दलाल. तक्रारीही तिथेच, चारचौघांत. (डागी आंब्याचा फोटो काढताना लोक उजेड किती नीट साधतात!) भावाने मुकाट्याने बदली आंबे दिले, सगळं गाव बघत होतं ना.

कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उत्तमच झालं. पण सोसायटीतली मंडळी पेटीवरचा शिक्का वाचत बसत नाहीत, वहिनींना विचारतात, "गोड आहेत ना हो?"

यंदा भावाने रीतसर फेसबुक पान काढलंय. चकचकीत फोटो, अंगठा गायब. मागणी मात्र अजून वहिनींकडूनच येते. त्यांनी आता दर हंगामाला एक पेटी दलाली मागितली आहे, तीही ग्रुपवर, सर्वांसमक्ष. भावाने मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसताहेत; उत्तर अजून नाही.